जोडाक्षराची कसोटी

मुद्राक्षररचना शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला कधी ना कधी एक मोठे काम येते : स्वतःचा, संपूर्ण आणि प्रत्यक्ष वापरता येईल असा टाइपफेस तयार करणे. मुंबईची सर ज. जी. उपयोजित कला संस्था, पवईच्या आयआयटीतले आयडीसी, अहमदाबादची एनआयडी, इंग्लंडातले रेडिंग विद्यापीठ अशा ठिकाणी विद्यार्थ्यांनी देवनागरी लिपीवर अशी कामे केली आहेत. देवनागरी निवडली की कामाचे मान पालटते. इंग्रजी मजकुरासाठी सव्वीस लहान आणि सव्वीस मोठी अक्षरे, अंक व विरामचिन्हे झाली, की निदान पान तरी जुळवता येते. देवनागरीत मुळाक्षरे पुरी होतात तेव्हा फार तर पाया घातलेला असतो. काने, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि सर्वांत अवघड अशी जोडाक्षरे पुढे उभीच असतात. मजकुराच्या देवनागरी फॉन्टमधल्या आकारांची संख्या पाचशेच्या पुढे सहज जाते.

टाइपफेस आणि अक्षरांकन या दोन वेगळ्या कला आहेत, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची शीर्षके त्या त्या नाटकापुरती घडवलेली आहेत. 'रायगडाला जेव्हा जाग येते' हे शीर्षक काढताना त्यातला 'ग' शेजारच्या 'य'ला आणि 'ड'ला साजेसा बेतता येतो. तोच 'ग' उद्या 'गणपत'मध्ये कसा दिसेल, ही चिंता अक्षरांकन करणाऱ्याला नसते. टाइपफेस करणाऱ्याला तीच चिंता असते. त्याचा 'ग' कोणत्या शब्दात, कोणाच्या शेजारी, कोणती मात्रा घेऊन बसेल हे त्याला ठाऊक नसते. म्हणून प्रत्येक अक्षर कोणाशीही जुळते घेईल असे काढावे लागते, आणि तरीही सगळ्यांचे वळण एकाच हातचे दिसले पाहिजे. सुलेखनात तरबेज असलेले विद्यार्थी सुरुवातीला इथेच अडखळतात. एका अक्षरातली लकब त्यांना सोडवत नाही, आणि ती लकब दुसऱ्या चाळीस अक्षरांत नेता येत नाही.

कामाचा आरंभ उपयोग ठरवण्यापासून होतो. कादंबरीचा मजकूर, वर्तमानपत्राचा स्तंभ, मोबाइलचा पडदा, दुकानाची पाटी, लहान मुलांचे वाचनपुस्तक यांच्या गरजा निरनिराळ्या असतात. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते, म्हणून तिथे अक्षरांच्या पोटातल्या पोकळ्या मोकळ्या ठेवाव्या लागतात. शीर्षकाच्या टाइपफेसला थोडा नखरा चालतो, मजकुराच्या टाइपफेसला तो दोन पानांत महाग पडतो. हेतू जितका नेमका, तितके पुढचे निर्णय सोपे होतात. 'काहीतरी वेगळे करायचे आहे' एवढ्या भांडवलावर सुरू झालेले काम बहुधा दहाव्या अक्षरापाशी अडते. काय टाळायचे हे ठरले असले, तरी काय साधायचे हे ठरलेले नसते.

दुसरा टप्पा अभ्यासाचा. देवनागरीचे जाड-बारीकपण बोरूतून आले आहे. देवनागरीसाठी बोरूची जीभ ज्या बाजूने तिरपी छाटतात, त्याच्या उलट बाजूने रोमन लिपीची लेखणी कापली जाते. त्यामुळे देवनागरीत वरून डावीकडे उतरणारी तिरपी रेघ जाड येते आणि वरून उजवीकडे उतरणारी बारीक. रोमनमध्ये नेमके याच्या उलट. आज अभिकल्पाचे बहुतेक शिक्षण रोमन अक्षरांच्या उदाहरणांवर होते. त्या सवयीने काढलेल्या देवनागरीत जाडी चुकीच्या खांद्यावर जाऊन बसते. अक्षर वाचता येते, पण परके वाटते. यावर उपाय एकच : बोरू हातात घेऊन कित्ता गिरवणे. पुढे पडद्यावर काढलेला टाइपफेस एकसारख्या जाडीचा असला, तरी रेघ कुठून निघते आणि कुठे वळते हे हाताला कळलेले असावे लागते.

बोरूच्या जोडीला छापील परंपरा पाहावी लागते. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर मुद्रणालयाचा टाइप मराठी आणि संस्कृत मुद्रणात पिढ्यान्‌पिढ्या आदर्श मानला गेला. त्याचे ठसे राणोजी रावजी आरू यांनी कापले. बापूराव नाईक यांचा 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' हा तीन खंडांचा ग्रंथ 1971 साली महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने प्रसिद्ध केला, आणि या विषयात शिरणाऱ्याला तो अजूनही टाळता येत नाही. पोथ्या, शिलालेख, रंगाऱ्यांनी हाताने काढलेल्या पाट्या हेही तितकेच खरे स्रोत आहेत. 'यात्रा वन' हा टाइपफेस रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचला, तर मुंबईच्या 'एक टाइप' या टाइपफेस घडवणाऱ्या संस्थेचा 'जैनी' हा जैन कल्पसूत्राच्या पोथ्यांतल्या अक्षरांवरून. दोन्हींत जुन्याची नक्कल नाही. स्रोतातले काय घ्यायचे आणि काय सोडायचे याची निवड आहे, आणि टाइपफेसचे वेगळेपण त्या निवडीपासून सुरू होते.

त्यानंतर रेषा आखल्या जातात. देवनागरी अक्षर शिरोरेखेखाली लोंबते. शिरोरेखेपासून काना जिथे संपतो तिथपर्यंतची उंची हे मुख्य माप. त्याच्यावर मात्रा-वेलांट्यांची जागा, खाली उकारांची. एस. व्ही. भागवत यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातर्फे 1961 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या आडव्या रेषांची पद्धतशीर मांडणी केली, आणि पुढच्या अभ्यासकांनी ती वाढवली. मात्रांना जागा कमी ठेवली तर त्या चेपतात. जास्त ठेवली तर मुख्य अक्षर लहान होते आणि त्याच पॉइंटातला रोमन मजकूर शेजारी दांडगा दिसू लागतो. या दोन टोकांच्या मधला बिंदू प्रत्येकाने आपल्या उपयोगानुसार शोधायचा असतो.

अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने काढली जात नाहीत, गटांनी काढली जातात. 'ग', 'प', 'म', 'त' यांच्या शेवटी काना आहे. 'क' आणि 'फ' यांचा काना मध्ये आहे. 'ट', 'ड', 'द', 'ह' यांना काना नाही. दुसरी वाटणी आकारांच्या नात्याने होते : 'व'चे पोट 'ब'मध्ये आणि 'क'मध्ये येते, 'प'ची वाटी 'ष'मध्ये आणि 'फ'मध्ये, 'न'ची गाठ 'म'मध्ये आणि 'भ'मध्ये. एका गटातला निर्णय साऱ्या गटाला बांधतो. 'न'ची गाठ भरीव ठेवायची की पोकळ, हे एकदा ठरले की 'म' आणि 'भ' यांच्याबाबत पुन्हा विचार करण्याचे स्वातंत्र्य राहत नाही.

काही जोड्या मात्र जपून हाताळाव्या लागतात. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ', 'य' आणि 'थ' यांच्यातला फरक डाव्या खांद्यापाशी शिरोरेखा तुटते की नाही, एवढ्यावर बराचसा तोललेला आहे. मोठ्या आकारात ती फट स्पष्ट दिसते. दहा पॉइंटात, हलक्या कागदावर ती भरून जाते आणि 'धन'चे 'घन' होते. म्हणून फट जरा रुंद करायची, खांद्याला गोल वळसा द्यायचा, असे उपाय योजले जातात. 'ख'चेही तसेच. त्याचे दोन भाग सुटे राहिले तर तो 'रव' वाचला जातो आणि 'खाना'चे 'रवाना' होते. 'र'चे शेपूट 'व'च्या पोटाला खालून जोडले की शंका मिटते. असले बदल प्रदर्शनात कोणाच्या नजरेत भरत नाहीत. वाचकाला ठेच लागली नाही, हीच त्यांची पावती.

मग येतात जोडाक्षरे, आणि टाइपफेसची खरी परीक्षा इथे सुरू होते. जोडणीच्या दोन मुख्य रीती आहेत. काना असलेल्या अक्षराचा काना काढून ते पुढच्याला आडवे जोडतात : 'म्ह', 'स्त', 'ग्न'. काना नसलेली अक्षरे बहुधा उभी रचतात : 'ट्ट', 'ठ्ठ', 'द्ध', 'द्व'. आडव्या जोडणीत रुंदी वाढते, पण आकार ओळखीचे राहतात. उभ्या जोडणीत दोन अक्षरांना एकाच्या उंचीत राहायचे असते. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत दुसरे बिऱ्हाड यावे, तसा हा प्रकार. सामान तेच ठेवून चालत नाही.

'उद्ध्वस्त' या शब्दातले 'द्ध्व' जवळून पाहिले म्हणजे अडचण कळते. 'द'च्या पोटाखालून 'ध' निघतो आणि त्याला पुन्हा 'व' लागतो. तिन्ही अक्षरांच्या रेघा मूळ जाडीच्या ठेवल्या तर मध्ये शाईचा गोळा तयार होतो. बारीक केल्या तर हे एकच अक्षर ओळीत फिकट पडते आणि डोळा तिथे अडतो. खाली उतरू दिले तर पुढच्या ओळीतल्या रफारावर जाऊन आदळते. ते टाळायला ओळींतले अंतर वाढवावे, तर तीनशे पानांच्या पुस्तकाची पाने वाढतात, आणि प्रकाशक तो टाइपफेस हाती धरत नाही. सुटका लहानसहान तडजोडींतच असते : 'द'चे पोट थोडे वर उचलायचे, त्याचे शेपूट आखूड करायचे, 'ध'चा वळसा चपटा करायचा, जाडी नजरेला समान वाटेल इतकीच कमी करायची. की 'द्'चा पाय मोडून 'ध्व' शेजारी ठेवायचा? बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत 'विद्‌यार्थी' असा पाय मोडलेला 'द' दिसतो. शिकणाऱ्या मुलाला घटक अक्षरे ओळखू यावीत, हे त्यामागचे कारण. बालवाङ्मयासाठी टाइपफेस करणारा ही रीत घेईल. काव्यसंग्रहासाठी करणारा बहुधा जोडून लिहील. कोणतीही रीत घ्यावी, पण ती शेवटच्या जोडाक्षरापर्यंत पाळली पाहिजे.

या अडचणीला मोठा इतिहास आहे. शिशाच्या खिळ्यांच्या काळात प्रत्येक जोडाक्षरासाठी वेगळा खिळा ओतावा लागे, आणि जुळाऱ्याला शेकडो खणांतून हात फिरवावा लागे. खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी लोकमान्य टिळकांनी स्वतः लक्ष घातले होते. सावरकरांच्या लिपिशुद्धीतली 'अि, अी, अु' ही 'अ'ची बाराखडीही मुद्रणाच्या सोयीतूनच आली. यंत्राला लिपी झेपत नव्हती, म्हणून लिपीनेच कमी व्हावे असा तो काळ होता. संगणकाने हे बंधन काढून टाकले. आता एका फॉन्टमध्ये हवी तितकी जोडाक्षरे भरता येतात. मर्यादा उरली ती काढणाऱ्याच्या चिकाटीची, आणि अपुरी जोडाक्षरे असलेल्या फॉन्टला आता यंत्राकडे बोट दाखवता येत नाही.

मराठीसाठी काही गोष्टी खास बघाव्या लागतात. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हिंदी वळणाहून वेगळे आहेत. महाराष्ट्र शासनाच्या 2009 सालच्या वर्णमालेविषयीच्या निर्णयातही मराठी वळण स्वीकारले आहे. फॉन्टमध्ये दोन्ही आकार ठेवून मजकुराची भाषा मराठी असेल तेव्हा मराठी आकार दाखवण्याची तांत्रिक सोय आहे. मात्र वापरणाऱ्याने भाषा मराठी अशी नोंदवली नाही, तर पडद्यावर हिंदी वळण येते. मराठी वाचकासाठी काम करणारा विद्यार्थी म्हणून उलट मांडणी करू शकतो : मूळ आकार मराठी, पर्यायी आकार हिंदी. 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' यांचेही असेच. 'आचार्यांना' नमस्कार करायचा असतो आणि 'आचाऱ्यांना' जेवणाची वर्दी द्यायची असते. हा भेद दाखवणारी छोटी आडवी रेघ काढायला विसरलेला देवनागरी फॉन्ट मराठीच्या उपयोगाचा नाही. 'ॲप', 'ॲसिड' यांतला 'ॲ' युनिकोडमध्ये 2008 साली स्वतंत्रपणे दाखल झाला. त्याचा चंद्र शिरोरेखेवर नीट बसतो का, हेही तपासावे लागते.

मात्रांचे गणित जोडाक्षरांशी बांधलेले आहे. पहिल्या वेलांटीची कमान डावीकडून निघून पुढच्या अक्षराच्या कान्यापर्यंत पोचावी लागते. 'कि'मध्ये ती आखूड चालते, 'स्त्रि'मध्ये लांब हवी. एकच लांबी सगळीकडे वापरली तर कमान कुठे अधांतरी संपते, कुठे पुढच्या अक्षरावर चढते. म्हणून तिच्या निरनिराळ्या रुंदीच्या आवृत्त्या काढून प्रत्येकीला अक्षरे नेमून द्यावी लागतात. 'मूर्तींची' या साध्या शब्दात एकाच अक्षराच्या डोक्यावर दुसरी वेलांटी, रफार आणि अनुस्वार असे तिघे येतात. त्यांना एकमेकांत न घुसता बसवायचे, तर या तिघांचा मिळून एक नवा आकारच काढणे बरे पडते. मुळाक्षरांतले नाजूक वळण इथपर्यंत आणता आले नाही, तर वाचक शब्दाच्या मध्यावर एका हातातून दुसऱ्या हातात जातो.

अक्षरांमधले अंतर हा काळजीपूर्वक बसून करायचा भाग. देवनागरीत शिरोरेखा सलग असते, पण वाचनाची लय कान्यांच्या उभ्या रेघांतून तयार होते. 'समान' या शब्दात उभ्या रेघा दाटीने येतात, 'डहाळी'त त्या विरळ होतात. दोन्ही शब्द सारख्याच काळेपणाचे दिसले पाहिजेत. शिरोरेखेचे टोक अक्षराच्या चौकटीबाहेर किंचित काढावे लागते, नाहीतर पडद्यावर दोन अक्षरांच्या सांध्यात केसाएवढी पांढरी चीर दिसते. आकार काढायला जितका वेळ जातो, तितकाच अंतरे जुळवण्यात जाऊ शकतो. आणि अंतरे बिघडलेल्या टाइपफेसला उत्तम आकारही तारू शकत नाहीत.

आकार झाल्यावर फॉन्ट तयार करायचा. ग्लिफ्स, फॉन्टलॅब किंवा मोफत मिळणारे फॉन्टफोर्ज यांसारख्या प्रणालीत वक्र रेषा मोजक्या बिंदूंवर बसवतात. बिंदू जितके कमी आणि योग्य जागी, तितका वळसा स्वच्छ. त्यानंतर नियम लिहायचे : अमुक वर्णामागून हलन्त आणि तमुक वर्ण आला तर कोणता आकार दाखवायचा. युनिकोडच्या देवनागरी तक्त्यात 128 जागा आहेत, जोडाक्षरांना त्यांत जागा नाही. ती सारी या नियमांतून उभी राहतात. युनिकोडआधी प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची संकेतरचना वेगळी होती, आणि एकात लिहिलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की पानभर निरर्थक चिन्हे उमटत. पवईला शिकवणारे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रचलेला 'मंगल' हा विंडोज 2000 सोबत आला, आणि असंख्य लोकांनी युनिकोडातले पहिले मराठी त्यातच वाचले. नव्या विद्यार्थ्याला ती पायवाट तयार मिळते. नियम मात्र त्याचे त्यालाच लिहावे लागतात आणि चुका हुडकाव्या लागतात.

चुका सापडतात त्या छापून पाहिल्यावर. पडद्यावर मोठे करून पाहिलेले अक्षर फसवते. दहा-बारा पॉइंटात, साध्या कागदावर, पानभर मजकूर जुळवून हातभर अंतरावर धरला की काळे डाग आणि पांढरी भगदाडे आपोआप दिसू लागतात. मजकूर निवडताना एकाच लेखकाचे गद्य घेऊन भागत नाही. संस्कृत शब्दांनी भरलेला अग्रलेख, बोलीतले संवाद, इंग्रजी नावांची बातमी, अंकांनी भरलेले कोष्टक असे चारही प्रकार घ्यावेत. मग पुन्हा पहिल्या अक्षराकडे जायचे. 'ठ्ठ'साठी केलेल्या तडजोडीमुळे 'ठ' बदलतो आणि 'ठ'मुळे 'ट' आणि 'ढ'. सुरुवातीला अंतिम मानलेली मुळाक्षरे अशी खालून वर दुरुस्त होत जातात.

टाइपफेसचे नवेपण कशात असते, याचे उत्तर या साऱ्या खटाटोपात आहे. देवनागरीचे सांगाडे ठरलेले आहेत, 'क' हा 'क'च राहिला पाहिजे. नवे असू शकते ते प्रमाण, गाठींची रीत, वळशांचा ताण, जोडणीचे धोरण. 'एक टाइप'च्या 'मोदक'मध्ये अक्षरे इतकी गुबगुबीत केली आहेत, की पोकळ्यांच्या केवळ फटी उरतात. कल्पना पहिल्या अक्षरात सुचू शकते. पण तोच लठ्ठपणा जोडाक्षरांत आणि वेलांट्यांत वाचनीय ठेवला, हे त्या टाइपफेसचे खरे काम. वैभव सिंग यांच्या 'एक्झार'ची सुरुवात रेडिंग विद्यापीठात विद्यार्थी म्हणून केलेल्या कामातून झाली. पुढे तो वाढवला गेला आणि खुल्या परवान्याने सर्वांना मिळाला. विद्यार्थ्याचे काम अभ्यासक्रमाबरोबर संपावेच असे नाही. मात्र पुढे जाण्यासाठी ते सबंध असावे लागते. पन्नास देखण्या मुळाक्षरांची भित्तिपत्रके महाविद्यालयांच्या प्रदर्शनांत पुष्कळ असतात, त्यांतून एक पान मजकूर जुळत नाही. जे वळण 'द्ध्व'पर्यंत आणि 'र्तीं'पर्यंत टिकले, तेवढेच त्या विद्यार्थ्याचे स्वतःचे. बाकीची नक्षी.

ही कसोटी वाचकालाही लावता येते. नवा मराठी फॉन्ट हाती आला, की त्यात 'शाल', 'आचाऱ्यांना', 'मूर्तींची', 'चिठ्ठ्या', 'स्त्रियांच्या', 'उद्ध्वस्त' आणि 'ॲप' एवढे सात शब्द टाइप करून, बारा पॉइंटात छापून पाहावेत. सातही शब्द एका हातचे दिसले तर तो फॉन्ट पुस्तकाला लावायला हरकत नाही.